तिऱ्हाईत इसम : सीमापार तपासाचे करार आणि माणसाची माहिती

जमिनीचे दस्त वाचायची सवय असलेला माणूस कोणत्याही करारनाम्यात आधी तीन गोष्टी शोधतो. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण आणि मिळकतीचे वर्णन काय. चौथी गोष्ट दस्ताच्या शेवटाकडे येते. सदर मिळकतीत कोणाही तिऱ्हाईत इसमाचा हक्क, हितसंबंध वा बोजा नाही, अशी ती हमी असते. चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या गावांनी औद्योगिक वसाहत वाढत गेली तसे असे दस्त भरपूर पाहिले. तिऱ्हाईत या शब्दाचे वजन तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

देशादेशांमध्ये गुन्ह्यांच्या तपासासाठी होणारे करार याच नजरेने वाचून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात लिहून देणारे एक राज्य असते आणि लिहून घेणारे दुसरे. मिळकत म्हणजे माणसाची माहिती : बँकेचा खातेउतारा, मोबाइलच्या कॉलचा तपशील, बोटांचे ठसे, ईमेल, पत्ता, प्रवासाची नोंद. आणि ज्याची ही माहिती, तो माणूस या दस्तात तिऱ्हाईत ठरतो. माहितीच्या रक्षणाची कलमे या करारांत नसतात, असे नाही. ती असतात, पण ती राज्याने राज्याला दिलेली हमी असते. हमी मोडली तर तक्रार करायचा अधिकारही राज्याचाच. ज्याच्याविषयी कागद बोलतो त्याला कागदावर जागा नाही. हा दोष मसुदा लिहिणाऱ्यांच्या नजरचुकीने राहिलेला नसून तो या करारांच्या रचनेतच आहे, असे माझे म्हणणे आहे.

एका दिवशी दोन करार

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी दिल्लीत भारत आणि जर्मनी यांच्यात सरकारपातळीवरील सातवी सल्लामसलत झाली. जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स त्यासाठी आले होते. त्या भेटीत झालेल्या करारांपैकी दोन इथे महत्त्वाचे. एक, गुन्हेगारी प्रकरणांत परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार. दुसरा, दोन्ही सरकारांच्या गोपनीय माहितीची देवाणघेवाण आणि तिचे परस्पर संरक्षण यांचा करार. सरकारी गुपितांच्या रक्षणासाठी त्या दिवशी स्वतंत्र, नावानिशी करार झाला. तपासाच्या निमित्ताने ज्या माणसांची गुपिते इकडून तिकडे जाणार, त्यांच्यासाठी असा स्वतंत्र कागद त्या यादीत नव्हता.

जर्मनीशी झालेला करार पिंपरी-चिंचवडकरांना दूरचा वाटू नये. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, मर्सिडीज-बेंझही त्याच सुमारास चाकणला आली. त्यांच्यामागोमाग सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आल्या, अभियंत्यांची ये-जा वाढली, जर्मन भाषेचे वर्ग भरू लागले. ज्या दोन देशांत माल, पैसा आणि माणसे रोज ये-जा करतात, त्यांच्यात गुन्हेही ये-जा करणार आणि त्यामागून तपासही. तेव्हा सहकार्य हवे की नको, हा वादाचा विषयच नाही.

तो का नाही, हे या पट्ट्याने अगदी जवळून पाहिले आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी, १३ ऑगस्टला, त्यांनी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यावर वळवले. एकूण चोरी सुमारे ९४ कोटींची. योगायोग असा, की दोनच दिवसांनी, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. पिंपरी, भोसरी, निगडीबरोबर चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव आणि हिंजवडीही त्याच्या हद्दीत आली. गुन्ह्याला हद्द उरलेली नाही हे जगजाहीर झाले, त्याच आठवड्यात इथल्या पोलिसांची हद्द नव्याने आखली गेली.

कॉसमॉसच्या प्रकरणात हाँगकाँगला गोठवलेल्या रकमेतला काही भाग परत मिळाला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. हे सगळे देशातल्या एटीएमसमोर कार्ड घेऊन उभे राहिलेल्यांच्या टोळीतले, म्हणजे साखळीच्या शेवटच्या कड्या. सहकार्य अपुरे पडले की शिक्षा तळाशी थांबते, असा या प्रकरणाचा एक अर्थ लावता येतो. दुसराही अर्थ आहे. सीमापार तपासात सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज ज्यांची माहिती हाती लागते, ती तळाचीच माणसे असतात. करारातली रक्षणाची कलमे वाचताना हा दुसरा अर्थ विसरून चालणार नाही.

कर्ता कोण, कर्म कोण

अशा करारांचा नमुना म्हणून भारत-अमेरिका करार घ्यावा. १७ ऑक्टोबर २००१ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि ३ ऑक्टोबर २००५ पासून तो अमलात आला. या कराराची भाषा एखाद्या कथेची भाषा वाचावी तशी वाचली, म्हणजे क्रियापदे कोणाच्या वाट्याला आली आहेत हे पाहिले, तर चित्र स्पष्ट होते. विनंती करणे, विनंती नाकारणे, अट घालणे, संमती देणे ही सारी क्रियापदे राज्याची, किंवा राज्याने नेमलेल्या मध्यवर्ती प्राधिकरणाची. भारताच्या बाजूने हे काम केंद्रीय गृहमंत्रालय पाहते. व्यक्तीच्या वाट्याला येतात ती कर्मणी रूपे : तिला शोधले जाते, तिचा जबाब नोंदवला जातो, तिची कागदपत्रे पाठवली जातात.

करारात माहितीच्या वापरावर मर्यादा घालणारे कलम आहे. माहिती देणारे राज्य अशी विनंती करू शकते, की ज्या तपासासाठी ही मागितली त्याखेरीज अन्यत्र ती आमच्या संमतीशिवाय वापरू नये. हेतुमर्यादेचे हे तत्त्व माहितीरक्षणाचा कणा मानले जाते, त्यामुळे कलम वाचून समाधान वाटते. पण ते पुन्हा वाचावे. मर्यादा आपोआप लागू होत नाही, राज्याने ती मागावी लागते. मागितली नाही तर नाही. मागितली आणि पुढे संमती दिली, तर ती संमती माहिती ज्याची त्याला विचारून दिलेली नसते. शिवाय खटल्यात माहिती एकदा उघड झाली, की पुढे ती कशासाठीही वापरायला मोकळीक आहे. गुप्ततेचेही कलम आहे, पण तिथे गुप्त ठेवायची ती राज्याची विनंती आणि तिचा मजकूर. माणसाची अब्रू हा त्या कलमाचा विषय नव्हे.

सर्वांत बोलके कलम आरंभीच येते. हा करार केवळ दोन राज्यांमधील साहाय्यासाठी आहे. त्याच्या आधारे कोणाही खासगी व्यक्तीला पुरावा मिळवण्याचा, तो वगळून घेण्याचा किंवा विनंतीच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्याचा हक्क मिळणार नाही, असा त्याचा आशय. अमेरिका करत असलेल्या अशा करारांतला हा ठरीव मजकूर आहे. आपल्या दस्तांतल्या तिऱ्हाईत इसमाच्या ओळीशी याचे साम्य नजरेत भरणारे आहे. एक फरक मात्र आहे. जमिनीच्या दस्तातला तिऱ्हाईत खरोखरच बाहेरचा असतो. इथे ज्याला तिऱ्हाईत म्हटले, त्याच्याच आयुष्याचे तुकडे मिळकतीच्या वर्णनात भरलेले असतात.

याचा परिणाम आरोपीच्या बचावावर होतो. करारातून पुरावा मागवायची वाट सरकारी पक्षाला उघडी, बचाव पक्षाला बंद. मग बचाव पक्षाला खासगी वाटा धराव्या लागतात. पुणे पोलिसांनी २०१८ साली सुरू केलेल्या भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात रोना विल्सन यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या खासगी संस्थेकडून करून घेतली. संगणकात बाहेरून फायली घातल्या गेल्या, असे तिच्या २०२१ सालच्या अहवालात म्हटले होते. तपास यंत्रणेने ते मान्य केले नाही. त्या वादाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे, समीक्षकाने नव्हे. इथे मुद्दा एवढाच, की सीमेपलीकडचा पुरावा किंवा तज्ज्ञ गाठायला एका पक्षाच्या हाती दोन सरकारांचा करार असतो आणि दुसऱ्याला आपल्या ओळखीपाळखीवर अवलंबून राहावे लागते. ज्या आरोपीच्या तशा ओळखी नाहीत, त्याने काय करावे, या प्रश्नाला करारात उत्तर नाही.

जमिनीला नोटीस, माणसाला नाही

आंतरराष्ट्रीय करार असेच असतात, रक्षण करायचे ते देशातल्या कायद्याने, असे यावर उत्तर मिळेल. उत्तर रास्त आहे, म्हणून आपला कायदा पाहू.

परदेशातून तपासाचे विनंतीपत्र आले तर काय करायचे, हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-ब मध्ये होते. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११३ मध्ये आहे. केंद्र सरकार ते पत्र दंडाधिकाऱ्याकडे पाठवू शकते, म्हणजे तो संबंधिताला बोलावून जबाब नोंदवील किंवा कागद हजर करायला लावील. नाहीतर ते पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवू शकते, म्हणजे तो गुन्हा भारतात घडल्यासारखा तपास करील. जमा झालेले सारे केंद्रामार्फत परदेशी जाते. जबाबाला बोलावलेल्या माणसाला निदान आपल्याविषयी काही चालले आहे, हे कळते. बँकेने दिलेला उतारा किंवा मोबाइल कंपनीने दिलेला तपशील त्याला वळसा घालून निघून जातो. किती काळ ठेवायचे, चूक निघाल्यास काय करायचे, यावर कलम बोलत नाही.

मग येतो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. न्या. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याची परिणती म्हणून आपण या कायद्याकडे पाहतो. त्यात आपली माहिती पाहण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. परदेशी माहिती पाठवण्यावर केंद्राला निर्बंध घालू देणारे कलम १६ आहे. मात्र कलम १७ सांगते, की गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास किंवा खटला यासाठी माहिती हाताळली जात असेल, तर व्यक्तीचे हे हक्कही लागू नाहीत आणि कलम १६ ही लागू नाही. माहिती सुरक्षित ठेवण्यासारखी एखाददुसरी जबाबदारी तेवढी उरते. याशिवाय केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणांना पूर्ण सूट देण्याची तरतूद आहेच. माहितीच्या अधिकाराची वाट धरावी, तर तपासात अडथळा हा अपवाद समोर येतो. इंटरपोलशी भारताचा दुवा असलेला केंद्रीय अन्वेषण विभाग तर २०११ पासून त्या कायद्याच्या कक्षेतून वगळलेला आहे.

आता याची तुलना तलाठ्याच्या दप्तराशी करून पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद झाली, की तिची प्रत चावडीवर लागते. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते. हरकत आली तर ती तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये लिहिली जाते आणि तिचा निर्णय झाल्याशिवाय नोंद प्रमाणित होत नाही. चाकणच्या वसाहतीसाठी जमीन घेतानासुद्धा १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली मालकाला नोटीस देऊन म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. ती संधी किती खरी आणि किती कागदी, यावर गावोगाव कडू अनुभव आहेत. तरी नोंदवही आहे, नोटीस आहे आणि हरकतीचा रकाना आहे. पाच गुंठ्यांचा फेरफार इतक्या सोपस्काराने होतो. माणसाचे अख्खे खाते, त्याची दिनचर्या, त्याच्या बोटांचे ठसे देशाबाहेर जाताना यातले काहीच नाही.

एक जूनची माणसे

हे सारे हक्काच्या भाषेत कोरडे वाटेल. म्हणून एक निव्वळ कल्पनेतला माणूस घेऊ. तो लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यातून आलेला, महाळुंग्याजवळ खोली करून राहणारा, एका सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. पगारासाठी उघडलेले खाते त्याने ओळखीतल्या कोणाला दोन-तीन हजारांच्या मोबदल्यात वापरायला दिले. त्या खात्यातून परदेशातल्या एका फसवणुकीचे पैसे फिरले. परदेशी पोलिसांनी विनंती केली आणि खात्याचा उतारा, ओळखपत्राची प्रत, मोबाइलचा तपशील तिकडे गेला. त्याने गुन्हा केला की मूर्खपणा, हे ठरायला अजून वेळ आहे. नोंद मात्र झाली. कालांतराने इथे तो निर्दोष ठरला, तर ही बातमी त्या नोंदीच्या मागोमाग जाईल का? आजच्या व्यवस्थेत ते कोणाचेच काम नाही.

यात आपल्या मातीतली एक अडचण मिसळते, तिच्याकडे करार लिहिणाऱ्यांचे लक्ष जाणे अवघड आहे. महाराष्ट्रात एका मोठ्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली, की गुरुजी १ जून लिहीत. त्यात आपली आडनावे मोजकी : पाटील, शिंदे, पवार, जाधव, गायकवाड. मधले नाव वडिलांचे, हे परदेशी यंत्रणेला उमगत नाही. रोमन लिपीत एकाच नावाची चार स्पेलिंगे होतात. नाव आणि जन्मतारीख जुळवून माणूस ओळखणाऱ्या संगणकाला अशी दोन माणसे एकच वाटू शकतात. जिथे माहितीची अचूकता मुळातच पातळ आहे, तिथे दुरुस्तीचा हक्क अधिक घट्ट हवा. आपण नेमका तोच काढून घेतला आहे.

नोंदींचे आयुष्यही वाढले आहे. १९२० चा कैदी ओळख कायदा जाऊन २०२२ साली आलेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने बोटांच्या ठशांबरोबर बुबुळे, डोळ्याचा पडदा आणि जैविक नमुनेही घेण्याची मुभा दिली. हा साठा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहू शकतो. वेगही वाढला आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या भारतपोल या संकेतस्थळामुळे राज्यांच्या पोलिसांना केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत इंटरपोलपर्यंत पोहोचणे सोपे झाले. ही सोय स्वागतार्हच आहे. पण पोहोचण्याची वाट रुंद केली आणि परतीची, चूक निस्तरण्याची, वाट आखलीच नाही, तर चुकाही त्याच वेगाने जाणार.

युरोपचा आरसा

युरोपात या प्रश्नाचा विचार अधिक खोलवर झाला आहे. तिथे पोलिसांच्या माहितीहाताळणीसाठी २०१६ चे स्वतंत्र निर्देशपत्र आहे, क्रमांक ६८०. पोलिसांना नियमांतून सोडण्याऐवजी त्यांच्या कामाला जुळतील असे नियम त्याने केले. नोटीस तपासासाठी लांबवता येते. माणसाला थेट उत्तर देणे शक्य नसेल, तर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण त्याच्या वतीने आत जाऊन तपासते. युरोपबाहेर माहिती पाठवायची, तर घेणाऱ्या देशात पुरेशी हमी आहे का, हे पाहावे लागते. पाठवलेल्या माहितीचा उपयोग मृत्युदंड मागण्यासाठी वा देण्यासाठी होऊ नये, अशी अपेक्षाही त्याच्या प्रस्तावनेत आहे. मार्च २०२४ मध्ये युरोपोल आणि केंद्रीय अन्वेषण विभाग यांच्यात कार्यव्यवस्था झाली, तिचाही अर्थ इथे ध्यानात घ्यावा. युरोपीय नियमानुसार अशी कार्यव्यवस्था वैयक्तिक माहिती देण्याचा आधार ठरत नाही. हात मिळवला, पण दप्तर उघडले नाही.

तिथली न्यायालयेही करार वाचतात. कॅनडाला विमानप्रवाशांची माहिती देण्याचा कराराचा मसुदा युरोपीय संघाच्या न्यायालयाने २६ जुलै २०१७ रोजी अडवला. व्यक्तीला कळवण्याची आणि स्वतंत्र देखरेखीची सोय अपुरी, हे त्यामागचे एक कारण. महिनाभरात आपला पुट्टस्वामी निकाल आला. दोन्हीकडे एकाच मूल्याचा उच्चार झाला. तिकडे त्या मूल्याच्या कसोटीवर प्रत्यक्ष करार घासला गेला. आपल्याकडे हक्क घोषित झाला आणि करार होते तसेच राहिले.

तरीही युरोपची आरती ओवाळायचे कारण नाही. २०१६ साली युरोपने अमेरिकेशी पोलिसी माहितीसाठी छत्रकरार केला आणि आपल्या नागरिकांना अमेरिकी न्यायालयात दाद मागता यावी म्हणून अमेरिकेकडून कायदा करवून घेतला. तो हक्क ठरावीक देशांच्या नागरिकांना आहे. भारतीय त्यात नाहीत. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्याखाली ब्रिटनशी झालेल्या करारात ब्रिटिश यंत्रणेने अमेरिकी व्यक्तीला लक्ष्य करू नये, अशी अट आहे. तिसऱ्या देशातल्या माणसाची माहिती मागवायची झाली, तर अपवाद वगळता त्या देशाच्या सरकारला कळवावे, असे म्हटले आहे. म्हणजे इथेही कळवायचे ते सरकारलाच. प्रत्येक देश आपल्या माणसांभोवती कुंपण घालतो. ज्याच्या सरकारने कुंपणाची मागणी केली नाही, तो माणूस उघड्या रानात राहतो.

यातून एक चमत्कारिक स्थिती तयार होते. युरोपीय निर्देशपत्रातले हक्क राष्ट्रीयत्व पाहून दिलेले नाहीत. तेव्हा आपला महाळुंग्याचा कामगार, त्याच्याविषयी काय नोंदले आहे, असा अर्ज जर्मन पोलिसांकडे करू शकतो. उत्तर मिळेल न मिळेल, अर्जाला कायद्याचा आधार आहे. माहिती जिथून गेली त्या आपल्याच राज्यात मात्र त्याच्या अर्जाला तसा आधार नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी स्वीकारलेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत सह्यांसाठी खुला झालेला सायबर गुन्हेविरोधी करारही इथे सोडवणूक करत नाही. वैयक्तिक माहिती पाठवणे हे पाठवणाऱ्या देशाच्या अंतर्गत कायद्याच्या अधीन राहील, असे त्याचे कलम ३६ सांगते. अंतर्गत कायद्यानेच सूट दिलेली असेल, तर या कलमातून काय मिळणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

आक्षेप आणि दोन दाखले

माणसाला कळवत बसले तर गुन्हेगार पळून जाईल, पुरावा नष्ट होईल, हा पोलिसांचा आक्षेप. तो खोटा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथून अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याच्या नावाने धमकावून लुबाडले जात होते. अशा छाप्याची नोटीस आधी देता येणार नाही. पण आधी आणि कधीच नाही यांच्यात खूप अंतर आहे. तपास संपल्यावर, आरोपपत्र गेल्यावर किंवा ठरावीक वर्षांनी कळवता येते. नोंदवही तर पहिल्या दिवसापासून ठेवता येते.

व्यक्तीचे ऐकले म्हणून न्याय अडत नाही, याचे दोन दाखले मुंबईतलेच आहेत. पहिला अबू सालेमचा. पोर्तुगालने २००५ साली त्याला भारताच्या ताब्यात दिले, ते मृत्युदंड किंवा २५ वर्षांहून अधिक कैद होणार नाही या लेखी हमीवर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठी २०१७ साली त्याला जन्मठेप झाली. हमीचे काय, हा प्रश्न घेऊन तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने सरकारला त्या शब्दाशी बांधील धरले. अडीचशेहून अधिक माणसे ज्या स्फोटांत गेली त्यातल्या दोषीचेसुद्धा ऐकले गेले. देह सीमेपलीकडून आणताना दिलेला शब्द पाळायचा, हे आपल्या व्यवस्थेने मान्य केले आहे. देहाविषयीची माहिती नेताना-आणताना शब्दच दिला जात नाही, म्हणून पाळण्याचा प्रश्नही येत नाही.

दुसरा दाखला मेहुल चोक्सीचा. इंटरपोलच्या फायलींवर देखरेख करणारा एक स्वतंत्र आयोग आहे आणि त्याच्याकडे व्यक्ती थेट दाद मागू शकते. या क्षेत्रातला हा दुर्मीळ उघडा दरवाजा. चोक्सीने तो ठोठावला आणि २०२२ साली त्याच्याविरुद्धची रेड नोटीस काढली गेली. केंद्रीय अन्वेषण विभागाने या निर्णयावर तीव्र आक्षेप घेतला. तरी पुढे एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या प्रत्यार्पणाच्या विनंतीवरून बेल्जियममध्ये त्याला अटक झालीच. एक नोंद पुसली गेली म्हणून तपास कोसळला नाही. खटकते ते वेगळेच. या दरवाजापर्यंत पोहोचतो तो महागडे वकील लावू शकणारा हिरेव्यापारी. शेवटच्या कडीतल्या माणसाला असा दरवाजा आहे, हेच ठाऊक नसते.

हरकतीचा रकाना

तेव्हा मागणी फार मोठी नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक माहितीची, कोणाची, कोणाला, कशासाठी आणि किती काळासाठी, अशी नोंदवही हवी. तपासाला धक्का न लागेल इतक्या उशिराने का होईना, कळवण्याचे बंधन हवे. हेतुमर्यादा राज्याने मागितली तरच लागू होण्याऐवजी कायम लागू हवी. इथे माणूस निर्दोष सुटला, तर ते तिकडे कळवणे हे मध्यवर्ती प्राधिकरणाचे कर्तव्य हवे. बचाव पक्षाला न्यायालयामार्फत कराराचा उपयोग करून पुरावा मागवता यायला हवा. आणि या सगळ्यावर सरकारबाहेरची नजर हवी. यातले बरेचसे करार न बदलता, आपल्याच कायद्यात दुरुस्ती करून होण्याजोगे आहे. कलम १७ मधली सरसकट सूट काढून तिथे मोजूनमापून दिलेली सूट ठेवणे, ही त्याची सुरुवात.

यात आपला व्यवहारी स्वार्थही आहे. परदेशातून पुरावा हवा असतो तेव्हा समोरचा देश विचारतो, की आम्ही दिलेल्या माहितीचे तुमच्याकडे काय होईल? या प्रश्नाला कायद्यातले उत्तर देता आले, तर पुढच्या कॉसमॉसच्या वेळी शिक्षा साखळीच्या तळाशी थांबणार नाही, अशी आशा करता येईल. रक्षण आणि सहकार्य ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, आणि एका चाकावर गाडी चालवण्याचा आपला हट्ट आपल्यालाच महाग पडतो आहे.

आपल्या महसुली परंपरेने एक गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. नोंदीत सत्ता असते, म्हणून नोंद करणाऱ्याला आवरायला हरकतीचा रकाना लागतो. तलाठ्याच्या दप्तरातला तो रकाना अनेकदा रिकामाच राहतो. तरी तो छापलेला असतो, आणि आपले म्हणणे लिहायला जागा आहे, एवढे ज्याची जमीन आहे त्याला ठाऊक असते. चाकणच्या शेतकऱ्याच्या जमिनीला जे मिळाले, तेवढे त्या जमिनीवरच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाच्या माहितीला मिळावे. त्यासाठी करारांच्या भाषेत आधी एक दुरुस्ती व्हायला हवी. ज्याच्याविषयी दस्त लिहिला जातो, त्याला तिऱ्हाईत म्हणणे थांबायला हवे.